गाडी ऑइल खाते, पण कुठून?

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, तर मलकापूर खाली पूर्णेच्या खोऱ्यात. मधे राजूर घाट. या रस्त्यावर शंभर सीसीची एखादी गाडी निळसर धूर सोडत चाललेली दिसली, की गॅरेजमधला निकाल बहुतेक ठरलेलाच असतो : "रिंगा गेल्या, इंजिन काढावं लागेल." कधी तो खरा निघतो. कधी मात्र दोष एखाद्या रबरी सीलमधे असतो आणि नवीन पिस्टन, रिंगा, बोअरिंग असा सगळा खर्च होऊनही धूर कायम राहतो. ऐन पेरणीच्या तोंडावर हे पैसे वाया जाणं कुणालाच परवडत नाही. म्हणून ऑइल नेमकं कुठून जातंय हे कळेपर्यंत इंजिन उघडू द्यायचं नाही. ते शोधण्याच्या बहुतेक चाचण्या घरच्या अंगणात आणि घाटात, फुकटात होतात.

जुन्या पिढीला निळ्या धुराचं फारसं काही वाटत नाही, त्यालाही कारण आहे. राजदूत, येझदी, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांत टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळणं हाच नियम होता. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली आणि गावोगावी फोर-स्ट्रोक गाड्या झाल्या. फोर-स्ट्रोकचं ऑइल जळण्यासाठी नसतं. तेच ऑइल इंजिन, क्लच आणि गिअर तिघांनाही वंगण देतं आणि ते खालीच राहायला हवं.

आत काय चालतं?

स्प्लेंडरच्या जुन्या ९७.२ सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास ५० मिमी आणि पिस्टनची धाव ४९.५ मिमी. पिस्टनवर तीन खाचा असतात. वरच्या दोन खाचांतल्या रिंगा जळत्या वायूचा दाब धरतात. तिसरी ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली पाठवते. भिंतीवर अगदी पातळ थर तेवढा उरतो आणि तो हवाच, नाहीतर पिस्टन जाम होईल.

ऑइल जळायच्या जागेत शिरण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली खालून, झिजलेल्या किंवा कार्बनने अडकलेल्या रिंगांच्या बाजूने. दुसरी वरून, व्हॉल्व्हच्या दांडीवरून, सील कडक झालं किंवा गाईड झिजला की. तिसरी ब्रीदरच्या नळीतून, ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलं की किंवा रिंगांतून खाली दाब आला की.

किती सूक्ष्म गोष्ट आहे पाहा. गाडी ताशी ४० किमीने १००० किमी चालली तर २५ तास लागतात. मिनिटाला सरासरी ४००० फेरे धरले तर ६० लाख फेरे होतात, म्हणजे ३० लाख वेळा इंधन पेटतं. तेवढ्यात ३०० मिली ऑइल संपलं, तर दर वेळी थेंबाचा जेमतेम पाचशेवा भाग जळाला. एवढ्याशा गळतीने तीन महिन्यांत इंजिन कोरडं पडू शकतं. या गाड्यांना कारसारखा ऑइलचा लाल दिवाही नसतो. पातळी उतरली की आधी हेडमधला कॅम आणि रॉकर झिजतात. टकटक ऐकू येते तेव्हा नुकसान झालेलं असतं.

आधी मोजा

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसा. बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते. आटे आवळून पाहिली तर पातळी खोटीच जास्त दिसते. साइड स्टँडवर पाहिलेल्या पातळीलाही अर्थ नाही.

ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर शोध कदाचित इथेच संपतो. पूर्ण उघडलेल्या इंजिनात साधारण एक लिटर ऑइल बसतं, पण नुसतं बदलताना त्याहून कमी लागतं, कारण थोडं आतच राहतं. तरी पूर्ण लिटर ओतलं तर जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि तिथून जळतं. फिल्टर ऑइलने भिजलेला सापडला तर आधी ही शंका घ्या. पातळी आपोआप वाढत असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल खाली उतरतंय. ते ऑइल तसंच वापरू नका.

पातळी ठीक असेल तर वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा. ५०० किमी झाले की पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायला किती मिली लागलं ते मापाने मोजा. चांगल्या इंजिनात डिपस्टिकवर फारसा फरक दिसत नाही. १००० किमीला ३०० मिली म्हणजे साठ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तिथे काम काढणं भागच आहे.

गळतंय की जळतंय?

काळ्या मातीच्या रस्त्यावर इंजिनावर धुळीचा आणि ऑइलचा थर बसतो, त्यात गळती लपते. इंजिन धुऊन वाळवा, थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. टॅपेट कव्हर, हेड आणि ब्लॉक यांचा सांधा, ड्रेन बोल्ट, मॅग्नेटची बाजू आणि पुढच्या चेन स्प्रॉकेटमागचं सील, जिथे पावडर ओली झाली तिथून ऑइल बाहेर जातंय. ते थांबवल्याशिवाय आतल्या बिघाडाचा विचार करू नका.

घाटातली परीक्षा

गळती नसेल तर धूर पाहा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. त्याचा ऑइलशी संबंध नाही. चोक, फिल्टर, कार्ब्युरेटर बघा. थंडीतल्या पहाटेचा पांढरा, लगेच विरणारा धूर म्हणजे वाफ. निळसर, रेंगाळणारा आणि करपट वासाचा धूर ऑइलचा.

तो केव्हा येतो याला रंगाइतकंच महत्त्व आहे. बुलढाण्याहून घाट उतरताना गाडी गिअरमधेच ठेवा आणि रेस सोडा. न्यूट्रलमधे उतरणं तसंही धोक्याचं. रेस बंद आणि चाक इंजिन फिरवतंय, अशा वेळी इनटेकच्या वाटेत जोराची ओढ तयार होते. व्हॉल्व्हचं सील सैल असेल तर ती ओढ दांडीवरून ऑइल खेचते. पायथ्याशी रेस दिली की निळ्या धुराचा मोठा लोट निघतो आणि थोड्या वेळात विरतो. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एकच झोत आला, तरी इशारा सीलकडेच.

परत येताना चढावर, मागे माणूस किंवा दुधाचे कॅन असताना, धूर सतत येत राहिला तर संशय रिंगा आणि बोअरवर. दाब वाढला की वायू रिंगांतून खाली उतरतो आणि ऑइल वर येतं. धूर पाहायला मागच्या गाडीवर कुणीतरी जाणता असावा, स्वतः वळून पाहू नये. उताराची ओढ अडकलेल्या ऑइल रिंगमधूनही ऑइल खेचते, म्हणून हा अंतिम निकाल नव्हे. अलीकडच्या गाड्यांच्या सायलेन्सरमधे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असल्याने थोड्या ऑइलचा धूर दिसतही नाही. तिथे मोजमापच खरं.

प्लग आणि प्रेशर

प्लग काढून उजेडात धरा. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. टोकावर ओला, चकचकीत काळा थर असेल तर ऑइल.

मग कॉम्प्रेशन गेज. इंजिन गरम, रेस पूर्ण उघडी, काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारा आणि आकडा लिहा. आता प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा बराच वाढला तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे दोष रिंगांत किंवा बोअरमधे. वाढला नाही तर व्हॉल्व्हची बैठक किंवा गॅस्केट तपासा. एक बारकावा लक्षात ठेवा : दाब वरच्या रिंगा धरतात, त्यामुळे कॉम्प्रेशन उत्तम असूनही ऑइल रिंग निकामी असू शकते आणि सीलही गेलेलं असू शकतं.

उघडल्यावर

दोष सीलचा असेल तर इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला ऑइलचा जाड, काळा थर दिसतो. दोष रिंगांचा असेल तर पिस्टनच्या माथ्याचा काठ ऑइलने धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो आणि मधे कार्बन असतो. मिस्त्रीसमोर उभं राहून हे दोन्ही बघा.

रिंगची तपासणी तुमच्या डोळ्यांदेखत होऊ शकते. रिंग सिलिंडरमधे ठेवून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलतात आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेज घालतात. ५० मिमीच्या बोअरला नव्या रिंगची फट साधारण ०.२ मिमीच्या आसपास असते. ती ०.५ मिमीच्या पुढे गेली तर रिंग संपली. बोअर मात्र बोअर गेजनेच मोजावा, वर, मधे आणि खाली, दोन्ही दिशांनी. तो गोल आणि मर्यादेत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात. उभे चरे किंवा जास्त झीज असेल तर पुढच्या मापाला बोअर करून त्याच मापाचा पिस्टन घालावा. झिजलेल्या बोअरमधे नव्या रिंगा बसतच नाहीत. हे पैसे हमखास बुडतात. बोअर केलेला ब्लॉक गरम साबणाच्या पाण्याने घासून धुवायलाच हवा, कारण आत राहिलेली होनिंगची कच नव्या रिंगा पुन्हा खाते.

मूळ कारण

इंजिन जोडण्याआधी ते का झिजलं हे शोधा. आपल्याकडे पांदण रस्त्यांवरची आणि मळणीच्या दिवसांतली धूळ हे मोठं कारण. फिल्टर फाटलेला असेल किंवा कार्ब्युरेटरच्या रबरी नळीला चीर असेल तर ती धूळ थेट आत जाते आणि पॉलिश पेपरसारखी बोअर घासते. फिल्टरच्या पुढच्या नळीत, इंजिनाच्या बाजूला, बोट फिरवा. बोटाला माती लागली तर गुन्हेगार सापडला. फिल्टर आणि नळी बदलल्याशिवाय नवीन पिस्टन बसवू नका. हवेने गार होणाऱ्या या इंजिनाच्या पात्यांत बसलेला चिखलही पावसाळ्यानंतर काढा. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं आणि जेएएसओ एमए खुणेचं वापरा. कारच्या काही ऑइलांनी ओला क्लच घसरतो.

गॅरेजमधे जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या : हजार किलोमीटरला किती ऑइल लागतं, धूर चढावर येतो की उतारानंतर, आणि कॉम्प्रेशनचे ऑइल टाकण्यापूर्वीचे व नंतरचे आकडे. चांगल्या मिस्त्रीला याने मदतच होईल. जो हा कागद न वाचताच ब्लॉक उतरवायला घेईल, त्याच्याकडून गाडी परत घ्या.