दिल्ली वेशीचा एक फोटो, तीन मापांत

कारंजा लाडच्या दिल्ली वेशीचा फोटो मोबाइलवर काढला की तो सहज ४००० पिक्सेल रुंद, ४-५ एमबीचा भरतो. तोच जसाच्या तसा वेबसाइटवर टाकला, तर तिथल्या गुरुमंदिराला निघालेल्या, एसटीत बसलेल्या भाविकाच्या मोबाइलवर वरून खाली पट्ट्यापट्ट्याने उतरत राहतो. त्या पडद्याला १०८० पिक्सेल रुंदी पुरते, म्हणजे मूळ फोटोतल्या १.२ कोटी ठिपक्यांपैकी नऊ लाखही लागत नाहीत.

आधीच तयार पानं ठेवणाऱ्या स्टॅटिक साइटमागे ऐनवेळी फोटो लहान करून देणारं कोणी नसतं. म्हणून इलेव्हन्टीसारख्या साधनाचा इमेज प्लगइन साइट तयार होतानाच ४००, ८००, १२०० पिक्सेलच्या प्रती काढून ठेवतो, जेपेगसोबत हलक्या वेबपी, एव्हिफमध्येही. त्यांची यादी चित्राच्या टॅगमधल्या ‘एसआरसीसेट’मध्ये जाते, निवड ब्राउझर करतो. चित्र पानावर किती रुंद दिसेल हे सांगणारं ‘साइझेस’ लिहायचं राहिलं, तर मात्र चित्र पडद्याभर रुंद आहे असं तो धरतो आणि कोपऱ्यातल्या चिमुकल्या फोटोसाठीही मोठी प्रत ओढतो. ही चूक मी बरेच दिवस केली!

कारंज्याच्याच काष्ठासंघ मंदिरातल्या लाकडी नक्षीच्या फोटोसाठी प्रती काढताना दर्जाचा आकडा थोडा चढाच ठेवावा. फार दाबलं की बारीक रेघा आधी पुसट होतात.