वर्गाचे क्रीडीकरण आणि शिक्षकाच्या हातचे साधन

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२६ मध्ये एका शिकविणाऱ्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. टंकलेखन-यंत्राच्या घाटाच्या त्या पेटीस चार कळा होत्या. ती शिकविण्यासाठी लावली असता योग्य कळ दाबल्याखेरीज पुढील प्रश्न दिसत नसे. या पेटीस आणखी एक जोड बसविता येई, आणि ठरलेल्या संख्येइतकी उत्तरे बरोबर आली की तीतून खाऊची गोळी बाहेर पडे. वर्गाध्यापनास खेळाचे रूप देणाऱ्या आजच्या संगणक-साधनांचा विचार करू लागले असता ही गोळी सहसा दृष्टीआड होते. वस्तुतः त्या साधनांपुढील मुख्य प्रश्न तीतच साठविलेला आहे.

‘क्रीडीकरण’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने योजली आहे. डेटरडिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेली व्याख्या सामान्यतः प्रमाण मानली जाते: खेळ नसलेल्या संदर्भात खेळाच्या रचनेतील घटकांचा उपयोग करणे म्हणजे क्रीडीकरण. खेळातून शिकविणे निराळे. तेथे पाठच खेळ होतो. क्रीडीकरणात पाठ पाठच राहतो, आणि त्याभोवती गुण, पायऱ्या, संघ व पारितोषिके यांची चौकट उभी केली जाते. ही चौकट आखणे कठीण नाही. ती रोज, तीस-चाळीस मुलांच्या वर्गात, शिकविता शिकविता चालविणे हे कठीण. संगणकाची गरज उत्पन्न होते ती येथे.

या दृष्टीने कॅनडातील क्यूबेक प्रांताच्या शेरब्रुक शहरात जन्मलेले ‘क्लासक्राफ्ट’ हे उदाहरण अभ्यासनीय आहे. त्याचे कर्ते शॉन यंग हे माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवीत आणि आज्ञावली लिहिण्याचेही काम करीत. स्वतःच्या वर्गासाठी त्यांनी रचलेला खेळ २०१४ मध्ये इतर शिक्षकांना खुला झाला. त्यात विद्यार्थी लहान संघांत विभागले जात, आणि प्रत्येकाने योद्धा, मांत्रिक व वैद्य यांपैकी एक भूमिका घ्यावयाची असे. गुणांचे मुख्य प्रकार तीन. अनुभवगुण सद्वर्तनाने व कामाने वाढत. आरोग्यगुण उशिरा येणे, वर्गात व्यत्यय आणणे अशा कारणांनी घटत. आणि कृतिगुण खर्चून भूमिकेस अनुरूप अशी शक्ती वापरता येई. वैद्याने सोबत्याचे आरोग्य भरून काढावे, योद्ध्याने त्याच्यावरील आघात आपल्या अंगावर घ्यावा, अशी ही योजना होती.

या रचनेतील मर्म गुणांत नसून परस्परावलंबनात आहे. एखाद्याचे आरोग्य शून्यावर आले तर त्यास शिक्षकाने आगाऊ ठरविलेली शिक्षा मिळे, शिवाय त्याच्या संघातील इतरांचेही आरोग्य घटे. त्यामुळे सोबत्यास वाचविण्यात प्रत्येकाचा स्वार्थ गुंतलेला असे. हजेरीपटावरील लाल खुणेने हे साधत नाही. ती खूण एकट्याची असते. अर्थात याच योजनेची दुसरी बाजूही आहे. वारंवार चुकणारे मूल संघाला ओझे वाटू लागण्याचा संभव येथे रचनेतच असतो, आणि तो टाळण्याचे काम कोणतीही आज्ञावली करू शकत नाही. कोणास कोणत्या संघात बसवावे हे जाणणारा शिक्षकच ते करू शकतो.

यावरून साधनाच्या रचनेचे पहिले तत्त्व निघते. आज्ञावलीने हिशेब ठेवावा, निवाडा करू नये. प्रत्येक गुणवाढीची वा घटीची कालक्रमाने नोंद करणे, त्या नोंदींवरून प्रत्येकाची स्थिती काढणे आणि चुकीची नोंद मागे घेता येणे ही कामे यंत्राची. कोणत्या वर्तनास किती गुण, हा तक्ता मात्र शिक्षकास केव्हाही बदलता आला पाहिजे. क्लासक्राफ्टमध्ये हे नियम शिक्षकास बदलता येत असत. येथे एक व्यावहारिक अटही आहे, आणि ती वाटते त्याहून महत्त्वाची: नोंद करण्यास काही क्षणांहून अधिक वेळ लागता कामा नये. फळ्याकडे पाठ करून शिक्षक पडद्यात गुंतला की खेळ चालू राहतो आणि पाठ थांबतो.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. यंत्रास मोजणे सोपे जाते ते वर्तन. आकलन मोजणे अवघड. वही आणली, हात वर केला, वेळेवर आला, या गोष्टी एका खुणेने नोंदविता येतात. परिणामी साधन जितके सोयीचे, तितका शिक्षकाचा ओढा सहज मोजता येणाऱ्या गोष्टींना बक्षीस देण्याकडे होतो.

आणि बक्षिसाचा परिणाम नेहमी अपेक्षेप्रमाणेच होतो असे नाही. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या ५१ बालकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही बालकांस प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून चित्रे काढावयास लावले, काहींस ते अनपेक्षितपणे दिले, काहींस दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळी पाहिले तेव्हा पहिल्या गटातील बालके चित्रांवर इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवीत होती. अनपेक्षित बक्षिसाने मात्र आवड उणावली नव्हती. डेसी, कोएस्टनर व रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचा एकत्र विचार करून साधारण हीच दिशा दाखविली: आधी कबूल केलेले मूर्त बक्षीस अंतःप्रेरणा क्षीण करते, आणि लहान मुलांत हा परिणाम अधिक आढळतो. हॅनस व फॉक्स यांनी २०१५ मध्ये महाविद्यालयीन वर्गांची १६ आठवडे तुलना केली. तेथे पदके व क्रमवारीचा फलक असलेल्या वर्गाची प्रेरणा व समाधान कमी आढळले.

एवढ्यावरून क्रीडीकरण त्याज्य ठरत नाही. ज्या कामाची मुळात आवडच नाही तेथे उणावण्यासारखे काही नसते. पाढे पाठ करावयाचे, तर गुणांनी नुकसान होण्याची भीती अल्प. परंतु ज्या मुलास प्रयोगाची गोडी लागली आहे त्याच्या प्रयोगास गुण चिकटविणे धोक्याचे. आता कोणते मूल कोणत्या कामात कोठे उभे आहे, हे साधनास ठाऊक नसते. म्हणून ‘गुण द्या’ या कळीइतकीच ‘येथे गुण देऊ नका’ ही मुभाही साधनात ठळक असावयास हवी. एखादा घटक, एखादे मूल किंवा एखादा संपूर्ण आठवडा खेळाबाहेर ठेवता यावा. क्रमवारीचा फलक मुळात बंद असावा, आणि तो उघडणे हा शिक्षकाचा जाणीवपूर्वक निर्णय असावा. बहुतेक साधनांत याच्या उलट व्यवस्था असते, कारण उघडा फलक पाहणाऱ्यास चटकन आकर्षक वाटतो.

शेवटी साधनाच्या मालकीचा प्रश्न राहतो. क्लासक्राफ्ट २०२३ मध्ये हॉटन मिफ्लिन हारकोर्ट या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने घेतले, आणि जून २०२४ मध्ये त्यातील मूळ खेळ बंद करण्यात आला. नाव राहिले, पण ते आता संपूर्ण वर्गास एकत्र शिकविण्याच्या निराळ्या साधनास दिले आहे. शिक्षकांनी वर्षानुवर्षे घडविलेले नियम, कथा व संघ त्या खेळाच्या आधारावर उभे होते. नवे साधन रचणाऱ्याने म्हणून नियमांचा तक्ता व नोंदवही ही दोन्ही साध्या, कोणत्याही यंत्रावर उघडणाऱ्या रूपात शिक्षकास उतरवून घेता येतील अशी सोय पहिल्या आवृत्तीतच केली पाहिजे. संगणक बंद पडला तरी दुसऱ्या दिवशी तोच खेळ कागदावर पुढे चालविता आला, तर तो खेळ शिक्षकाचा होता असे म्हणता येईल.