ग्लुकोजची बाटली लावण्याआधी

वस्तीत फिरताना घराघरांतल्या फळीवर आम्हाला लिव्हर टॉनिकची बाटली हमखास दिसते. घरातला पुरुष पितो, जेवत नाही, अंगात त्राण उरलेले नाही, म्हणून मेडिकलमधून आणलेली. आणणारी बहुधा घरातली बाई, आणि पैसे धुण्याभांड्यांच्या पगारातले. पिणाऱ्याची समजूत अशी, की रात्रीचे सगळे सकाळच्या दोन चमच्यांनी धुऊन निघते.

तसे होत नाही. यकृत दारूचे आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य करते, मग ॲसिटेट. हे काम ते आपल्याच गतीने करते, तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम. व्हिस्की-रमच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीमध्ये, सुमारे 60 ग्रॅम अल्कोहोल असते. हिशेब करा, सहा ते नऊ तास झाले. कोणतेही सिरप ही गती वाढवत नाही. तेवढा वेळ यकृत चरबी जाळायचे बाजूला ठेवते, म्हणून ती तिथेच साठते. नवी साखर तयार करणेही मंदावते. पोट रिकामे असेल तर रक्तातली साखर एकदम उतरते. रस्त्यात पडलेल्याला लोक ‘चढलीय’ म्हणून ओलांडून जातात. त्याची साखर उतरलेली असू शकते.

पण पिणाऱ्याला खरोखर कमी पडते ते एक जीवनसत्त्व आहे, आणि ते टॉनिकपेक्षा कितीतरी स्वस्त आहे: बी-1, म्हणजे थायमिन. शरीरात त्याचा साठा जेमतेम 25 ते 30 मिलिग्रॅम, दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच. दारूच्या एका ग्रॅममध्ये 7 कॅलरी असतात, त्यामुळे भूक मरते, पण त्या कॅलरींत जीवनसत्त्व काहीच नाही. वर दारू आतड्यातून बी-1 शोषूही देत नाही.

आता आपल्याकडची रीत बघा. माणूस गळून गेला की दवाखान्यात नेऊन म्हणायचे, ‘डॉक्टर, ग्लुकोजची बाटली लावा.’ साखर जाळायला शरीराला बी-1 लागते. उरलेसुरले बी-1 त्या साखरेमागे संपले तर मेंदूच उपाशी पडतो. माणूस गोंधळतो, चालताना झोकांड्या देतो, डोळ्यांची बुबुळे थरथरतात किंवा एकाचे दोन दिसतात. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने 1881 मध्ये या आजाराचे वर्णन केले. तिन्ही लक्षणे एकत्र थोड्याच जणांत दिसतात, आणि घरच्यांना वाटते, अजून उतरली नाही. वेळेत इंजेक्शन मिळाले नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. अशा वेळी गोळी पुरत नाही, आतडे ती नीट घेतच नाही. थायमिन इंजेक्शनने किंवा सलाईनमधूनच द्यावे लागते. म्हणून बाटली लागण्याआधी एवढे विचारा: ‘हे रोज पितात, थायमिन दिलंत का?’ साखर खरोखरच उतरली असेल तर मात्र ग्लुकोज थांबवू नका, थायमिन सोबत द्यायला सांगा.

बाकीच्या डब्यांबद्दल थोडक्यात. सिलिमरिनच्या कॅप्सूलने दारूड्याचा जीव वाचतो हे भक्कमपणे सिद्ध झालेले नाही. जीवनसत्त्व ए जास्त मात्रेत घेतले तर दारूसोबत यकृताला अपायच करते. लोहाच्या गोळ्या रक्त तपासल्याशिवाय पिणाऱ्याला देऊ नयेत, कारण त्याच्या यकृतात लोह आधीच साठलेले असू शकते. ‘झाडपाल्याचे आहे, बाधत नाही’ हे ऐकून आमचे कान किटले. 2020 च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांनी पाहिले आणि पुढच्या वर्षी तशी नोंद छापली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, हेही खरे. हेल्थ सप्लिमेंट म्हणून विकलेल्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे इंग्रजीत, बारीक अक्षरात छापलेले असते. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

आणखी एक, आणि हे वाचून शेजारी सांगा. विहारात पाचवे शील घेऊन दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद करणारे असतात. निश्चय मोलाचा आहे, पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकट्याने झटक्यात सोडणे जिवावर बेतू शकते. पहिल्या दिवशी हात कापतात, घाम सुटतो. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, बडबड, ताप. याला भूतबाधा समजून अंगारा लावत बसू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा. सोडायचे ठरले की आधीच डॉक्टरांना भेटा. औषधाच्या आधाराने ते सुरक्षित होते.

घरी टॉनिकच्या पैशांत शेंगदाणे, मोड आलेली मटकी, बाजरीची भाकरी, डाळ आणा. डाळ लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा टाकू नका, त्याने बी-1 नष्ट होते. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, फोन मोफत आहे. पिणाऱ्याने नाही केला तर घरच्यांनी करावा.