भाताच्या पानातून, माणसाच्या पायातून

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम सीमेवर, नाणेघाटाच्या माथ्याशी आणि जीवधन किल्ल्याच्या पायथ्याला वसलेल्या घाटघरच्या शिवारात आषाढ लागला की भाताची आवणी सुरू होते. डोंगरउतारावर पडकईच्या सामुदायिक श्रमाने, दगडावर दगड रचून आणि माती अडवून पिढ्यान्‌पिढ्या घडविलेल्या खाचरांतून महादेव कोळी कुटुंबे, थोरामोठ्यांसह आणि मुलाबाळांसह, पोटऱ्यांइतक्या चिखलात वाकून उभी असतात. हातात रोपांची जुडी, आणि पाऊस असा की समोरचा जीवधनही ढगाआड नाहीसा व्हावा. वरच्या खाचराचे पाणी बांधावरून खालच्या खाचरात, तेथून ओढ्यात, आणि ओढ्यातून कुकडीच्या पात्राने माणिकडोहच्या जलाशयापर्यंत उतरते. अशाच पाण्यातून, भाताच्या पानात शिरणारा एक आणि माणसाच्या पायात शिरणारा दुसरा, असे सर्वस्वी भिन्न कुळांतले दोन जीवाणू भात पिकविणाऱ्या साऱ्या मुलखात आपापला आश्रय शोधीत असतात. हा प्रकार घाटघरपुरता नाही. परंतु रोप आणि माणूस एकाच चिखलात, एकाच वेळी, जखमी अवस्थेत उभे असण्याची स्थिती येथे डोळ्यांसमोर असल्यामुळे, रोगजंतू सजीव देहात प्रवेश कसा मिळवितात आणि तेथे वस्ती कशी करतात, हा प्रश्न या खाचराच्या बांधावरूनच विचारावा असे मला वाटते.

प्रथम भाताचे पाहू. दमट रात्री भाताच्या मुळांनी ओढून घेतलेले जास्तीचे पाणी पानांच्या टोकाशी आणि कडांशी असलेल्या सूक्ष्म जलरंध्रांतून पाझरते आणि पहाटे प्रत्येक पात्याच्या कडेला थेंबाच्या रूपाने लटकलेले दिसते. हे थेंब सामान्यतः दवबिंदू समजले जातात. वस्तुतः तो वनस्पतीच्या देहातूनच आलेला रस असतो, आणि दिवस वर आला की त्याचा काही अंश त्याच रंध्रांतून परत आत ओढला जातो. झँथोमोनास ओरायझी या नावाचा, एका टोकाला एकच कशाभिका असलेला आणि वसाहतीच्या रूपात पिवळा दिसणारा दंडाकृती जीवाणू, पावसाच्या तुषारांबरोबर किंवा खाचरातून खाचरात वाहणाऱ्या पाण्याबरोबर त्या थेंबात येऊन पोहोचतो, आणि थेंब आत गेला की तोही आत जातो. पानाचा पापुद्रा भेदण्याचे कोणतेही हत्यार त्याच्यापाशी नाही. वनस्पतीने स्वतःच्या जगण्यासाठी उघडे ठेवलेले रंध्र, किंवा वाऱ्याने पाते पात्यावर घासून, अथवा लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडल्यामुळे झालेली जखम, एवढीच त्याची वाट. म्हणूनच या रोगात पान प्रथम कडेने पिवळे पडते, मग वाळलेल्या गवताच्या रंगाचे होते, आणि शेतकरी त्याला कडा करपा म्हणतो.

आत शिरल्यानंतर जे घडते ते अधिक विलक्षण आहे. जलरंध्राखालच्या पोकळ पेशीजालात जीवाणूंची संख्या वाढते, आणि तेथून ते जलवाहिन्यांत उतरतात. या वाहिन्यांत पाणी असते, क्षार असतात, पण साखर फारच थोडी. जगायला तेथे काही नाही असेच वाटावे. ही उणीव भरून काढण्यासाठी जीवाणू आपल्या देहातून एक अतिसूक्ष्म सुई बाहेर काढतो, ती जवळच्या जिवंत पेशीपर्यंत नेतो आणि तिच्यातून आपली काही प्रथिने थेट त्या पेशीत सोडतो. ही प्रथिने पेशीकेंद्रात जाऊन भाताच्या गुणसूत्रांवरील एका विशिष्ट जागी बसतात, आणि साखर पेशीबाहेर नेणारी द्वारे घडविणारी जनुके चालू करतात. भाताची पेशी मग स्वतःच्या हाताने आपली साखर बाहेर ओतू लागते आणि शत्रू तिच्यावर पोसला जातो. ही प्रथिने आपली नेमकी जागा कशी ओळखतात, त्या ओळखीची लिपी 2009 मध्ये उलगडली, आणि आजच्या जनुकीय अभियांत्रिकीला त्यातून एक नवे साधन मिळाले. इकडे जीवाणूंनी स्रवलेल्या चिकट शर्करामय डिंकाने जलवाहिनी तुंबते. पान पाण्यात उभे असून तहानेने करपते. शंका आल्यास करपलेल्या पानाचा ताजा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरावा: कडा करपा असेल तर कापलेल्या टोकातून दुधी रंगाची धार खाली उतरताना साध्या डोळ्यांनी दिसते.

जपानच्या फुकुओका प्रांतातील शेतकऱ्यांना हा रोग 1884 च्या सुमारास प्रथम दिसला. आपल्याकडे त्याची पहिली नोंद महाराष्ट्राची आहे: 1951 मध्ये, तत्कालीन मुंबई राज्याच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे सह्याद्रीच्या याच रांगेच्या पश्चिमेला तो आढळला, आणि श्रीनिवासन, तिरुमलाचार व पटेल या तिघांनी 1959 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात तो शास्त्रीय दप्तरी दाखल केला. यांतले एम. के. पटेल हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात राहून वनस्पतींच्या जीवाणुजन्य रोगांचा पाया घालणारे संशोधक. त्यांचे नाव मराठी वाचकाला आज ठाऊक नसावे याचे मला वाईट वाटते. पुढे 1963 मध्ये बिहारात या रोगाची मोठी साथ आली, आणि खताला हपापलेल्या नव्या बुटक्या वाणांबरोबर तो देशभर पसरला.

आता माणसाच्या पायाकडे वळू. योगायोग असा की, त्याच फुकुओकातील क्युशू विद्यापीठात इनाडा आणि इडो या दोन वैद्यांनी 1915 च्या सुमारास लेप्टोस्पायरा हा जीवाणू हुडकून काढला. मळसूत्रासारखा पिळदार, जाडीने मिलिमीटरचा सुमारे दहाहजारावा भाग, आणि टोकाशी आकड्यासारखा वळलेला हा जीव उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात, त्यांना फारशी तोशीस न लावता, दीर्घकाळ राहतो. खाचराच्या बांधात बिळे करून राहणाऱ्या या प्राण्यांच्या मूत्राबरोबर तो चिखलात उतरतो आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतो. निरोगी, कोरड्या, अखंड त्वचेतून त्याला सहसा वाट मिळत नाही. परंतु दिवसभर पाण्यात राहून मऊ पडलेली कातडी, दगडाने सोललेला घोटा, टाचेची भेग, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, किंवा चिखलाचा हात लागलेला डोळा, यांतले काहीही त्याला पुरते. त्याच्या कशाभिका शरीराबाहेर नसून बाह्य आवरणाच्या आत गुंडाळलेल्या असल्यामुळे तो मळसूत्रासारखा फिरत दाट द्रवातूनही पुढे सरकतो, आणि थोड्याच अवधीत रक्तात पोहोचतो. कडा करप्याच्या जीवाणूसारखी सुई त्याच्यापाशी नाही. त्याचे कौशल्य लपण्यात आहे. जीवाणूंच्या आवरणातील ज्या स्निग्ध-शर्करेवरून आपली पेशी परकीयाला ओळखते, तिची त्याच्या अंगावरची घडण इतकी निराळी आहे की मानवी पेशीतील नेहमीचा ग्राही तिला ओळखतच नाही. शिवाय आपल्या रक्तातील, स्वकीय पेशींचे रक्षण करणारी काही प्रथिने तो स्वतःच्या अंगावर चिकटवून घेतो, आणि अशा रीतीने यकृत, मूत्रपिंड व कधी फुप्फुस गाठतो.

सुईची हकीकत मात्र येथे संपत नाही. 1896 मध्ये मुंबईत आणि पुढील वर्षी पुण्यात ज्या प्लेगने घरेच्या घरे ओस पाडली, त्या प्लेगच्या जीवाणूपाशीही अशीच सुई आहे. तिच्यातून तो आपल्या रक्तातील भक्षक पेशींत विष सोडून त्यांना निकामी करतो. भात करपविणारा आणि माणूस मारणारा, या दोघांच्या सुईची मूळ घडण एकच असल्याचे 1990 नंतरच्या दशकात त्यांच्या जनुकांच्या तुलनेवरून उघड झाले, आणि जीवाणूंच्या कशाभिकेशीही तिचे नाते निघाले. फरक लांबीचा: प्राण्याच्या पेशीला बाहेरून भिंत नसल्यामुळे प्लेगच्या जंतूची सुई अगदी आखूड असते, तर वनस्पतीच्या पेशीची जाड भिंत ओलांडायची असल्यामुळे झँथोमोनासची सुई तिच्या कित्येक पटींनी लांब, केसाच्या तंतूसारखी असते. वनस्पतींचे रोग कृषी खात्याने पाहावेत आणि माणसांचे आरोग्य खात्याने, ही आपली विभागणी कारभाराच्या सोयीची आहे. जीवाणूंच्या सृष्टीत तिला आधार नाही.

जीवाणूंवर पेशी जो पहारा ठेवतात, त्याच्या बाबतीतही भात आणि प्राणी यांच्यात असेच साम्य आहे. आफ्रिकेतील एका रानटी भातातून घेतलेले, कडा करप्याला रोखणारे एक्सए-21 हे जनुक 1995 मध्ये पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने वेगळे केले. ते ज्या प्रथिनाची घडण सांगते, ते पेशीच्या पृष्ठभागावर राहून जीवाणूची चाहूल घेते. त्यानंतर तीन वर्षांनी, 1998 मध्ये, सस्तन प्राण्यांच्या पेशीतील अशाच कामाचा ग्राही ब्रूस बॉयट्लर यांनी ओळखला आणि त्या कार्याला 2011 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भाताने ही गोष्ट आधी सांगितली होती, याचे मला फार अप्रूप वाटते. हैदराबादच्या भात संशोधकांनी आणि पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राने त्याच जनुकासह आणखी दोन जनुके संकराने सांबा मसुरी या वाणात आणली. त्यांपैकी एक जनुक असे की, त्याच्या प्रारंभीच्या भागात बदल झालेला असल्याने जीवाणूला साखरेचे ते द्वार उघडताच येत नाही.

औषधांच्या वाटेने गेलेल्या इलाजाची कहाणी इतकी समाधानकारक नाही. मूळ माणसाच्या क्षयरोगावर सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याने पिकांसाठी तयार केले आणि ते भातापासून डाळिंबाच्या तेल्यापर्यंत फवारले गेले. फवारा पानावर राहतो, जीवाणू जलवाहिनीत असतो. फायदा बेताचा, आणि उरलेले औषध मातीतल्या असंख्य निरुपद्रवी जीवाणूंना प्रतिकार शिकविते. तो प्रतिकार एका जातीकडून दुसरीकडे जाऊ शकतो. केंद्र सरकारने 2021 मध्ये शेतीतील या वापरावर बंदीचा मसुदा काढला, तो या दृष्टीने योग्यच होता.

त्यापेक्षा खाचरातल्या साध्या बंदोबस्ताचे मोल अधिक आहे. रोपांचे शेंडे न खुडता लावणे, युरियाचा हात आवरता घेणे, रोग दिसताच त्या खाचराचे पाणी निरोगी खाचरात न सोडणे, कापणीनंतर रोगट धसकटे काढून टाकणे, या गोष्टींनी जीवाणूची वाट अडते. वैशाखात रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजण्याची जी चाल डोंगरी भागात आहे, तिचा अभ्यास पुण्याच्या कृषी महाविद्यालयात हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. मातीला लागलेली आच हेही राबाच्या गुणाचे एक कारण असल्याचे त्यांच्या काळापासून मानले जाते.

माणसाच्या बाबतीत अडचण अशी की, लेप्टोचा ताप जंतू शिरल्यावर बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, म्हणजे आवणी उरकत आली असताना येतो, आणि त्याचे ठळक लक्षण म्हणजे पोटऱ्यांत व कमरेत उठणारी तीव्र कळ. दिवस दिवस वाकून चिखलात राबलेल्या बाईला ही कळ कष्टाचीच वाटते, आणि ती अंगावर काढते. डोळे लाल होणे ही खूण तिला धुराची वाटते. पहिल्या काही दिवसांत पेनिसिलीन किंवा डॉक्सिसायक्लिनने हा रोग सहसा आटोक्यात येतो. लघवी कमी झाली, कावीळ दिसली वा दम लागू लागला की मग मोठ्या रुग्णालयावाचून गती उरत नाही, आणि पावसाळ्यात घाटघरहून जुन्नर गाठणेही सोपे नसते. म्हणून आषाढ-श्रावणात ताप घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाच्या केसपेपरवर, तो गेल्या पंधरवड्यात खाचरात उतरला होता की नाही आणि त्याच्या पायाला जखम आहे की नाही, या दोन नोंदी वैद्याने तापाच्या आकड्याच्या आधी कराव्यात.