देवराई : भेटीचे संकेत

देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावे राखलेला नैसर्गिक वनाचा तुकडा. कोकणात तिला ‘देवरहाटी’, कोडगूत ‘देवरकाडू’, तर केरळात ‘काव’ म्हणतात. महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७०–८० या दशकात केला. देवराईत कुऱ्हाड चालवू नये, वाळलेले लाकूडही घरी नेऊ नये, असा अनेक गावांचा संकेत असे. त्यामुळे भोवतालचे रान तुटले, तरी गारंबीच्या महावेली, बेहडा, सातवीण यांसारखे जुने वृक्ष आणि त्यांच्या सावलीतील झरे टिकून राहिले. मावळातील अजिवलीची देवराई भेरली माडांसाठी प्रसिद्ध आहे.

बऱ्याच देवराया जेमतेम एखाद्या हेक्टरच्या असतात. मोठ्या वनात सहज सामावणारा उपद्रवही त्यांना सोसत नाही. पायवाट सोडून फिरल्यास पालापाचोळा तुडविला जातो, माती घट्ट होते, पाणी कमी मुरते व बी रुजत नाही. वृक्ष भव्य असले, पण त्यांखाली रोपे नसली, तर ती राई त्या वृक्षांबरोबरच संपते.

म्हणून भेट देणाऱ्याने प्रथम गावाची अनुमती घ्यावी व पादत्राणे, प्रवेश इत्यादींसंबंधीचे तेथील नियम विचारून घ्यावेत. लहान गटाने, रुळलेल्या वाटेनेच जावे. फुले, फळे, बिया वा आमरी तोडू नयेत. पडलेले ओंडके हलवू नयेत. कुजणाऱ्या लाकडावर कवके व कीटक जगतात आणि त्याचीच पुढे माती होते. चूल पेटवू नये. धूर व गोंगाट यांमुळे आग्या मोहोळ उठण्याचा धोका असतो. घरट्यांजवळ रेंगाळू नये. आणलेली प्रत्येक वस्तू परत न्यावी. सद्भावनेनेही बाहेरची रोपे लावू नयेत, कारण राईचे वैशिष्ट्य तेथे आपोआप रुजलेल्या वनस्पतींतच असते.

देणगी देतानाही विवेक हवा. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी, फरसबंदीसाठी किंवा रस्त्यासाठी काही ठिकाणी राईतीलच झाडे तोडली गेली आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थांशी विचारविनिमय करून राज्यशासन अशा क्षेत्रांना जैवविविधता वारसा स्थळे घोषित करू शकते. तथापि बहुतेक देवरायांचे रक्षण गावाच्या निग्रहावरच अवलंबून असते. पाहुण्याने येथून काही न नेणे, हे त्या निग्रहाला दिलेले साहाय्यच होय.