पायातल्या चांदीची गोष्ट

जळगाव म्हटलं की सोनं आठवतं. लग्नाचा बस्ता कुठेही बांधा, मंगळसूत्र घ्यायला मात्र जळगावच्या सराफ बाजाराची पायरी चढायची, ही खान्देशातल्या कितीतरी घरांची रीत. या सोन्याच्या झगमगाटात बिचारी चांदी मागे पडते. तिचं काम ठरलेलं. जोडवी, पैंजण, तान्ह्या बाळाचे वाळे, देवघरातला निरांजन-तबकाचा सेट. सोनं गळ्यात आणि चांदी पायात!

पण मैत्रिणींनो, आपल्या आज्या-पणज्यांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळंच सांगितलं असतं. सोनं पाटलांच्या, सावकारांच्या घरी. शेतावर राबणाऱ्या बाईची खरी पुंजी म्हणजे चांदी. कापूस विकला, चार पैसे हाती आले की एखादी तोरडी, एखादं कडं व्हायचं. पाऊस रुसला की तेच कडं मोडून घरात दाणे यायचे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्ल, पावरा बायकांच्या अंगावर आजही चांदीचे घसघशीत दागिने दिसतात. ती केवळ हौस नव्हे. ना पासबुक, ना सही, अशी ती बाईची बँक आहे.

आता गंमत बघा. आपल्या खान्देशात चांदीची एकही खाण नाही. राजस्थानातलं जावर सोडलं तर जुन्या काळी देशातही चांदी फारशी निघत नव्हती. मग एवढी चांदी आपल्या पायांपर्यंत आली कुठून?

डोंगर फोडणारे हात

उत्तर सात समुद्रांपलीकडे आहे. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकला. १५४६ साली तिथल्या झाकातेकास इथे चांदीच्या मोठ्या शिरा सापडल्या, मागोमाग ग्वानाह्वातो आणि पाचुका इथेही. १५४५ साली दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीचा चांदीचा डोंगर सापडला होताच. पुढची अडीच-तीनशे वर्षं जगातली बहुतांश नवी चांदी याच दोन भागांतून येत राहिली.

ती निघायची कशी? १५५०च्या दशकात पाचुकाला बार्तोलोमे दे मेदिना या व्यापाऱ्याने एक पद्धत बसवली. दगड दळून त्याचा चिखल करायचा, मोठ्या फरसबंद अंगणात पसरायचा, त्यात मीठ आणि पारा घालायचा आणि आठवडे न् आठवडे तुडवायचा. पारा चांदीला धरून ठेवतो. मग तापवून पारा उडवला की मागे चांदी उरते. हा चिखल तुडवायला आधी माणसं असत, पुढे खेचरं आली. पारा किती विषारी असतो, हे आज शाळेतली मुलंही सांगतील. त्या माणसांचे हातपाय थरथरायला लागत, दात पडत.

खाणीच्या पोटातून दगड वर आणणारे हमाल शंभर किलोहून जास्त ओझं पाठीवर घेऊन चढत. १८०३ साली तिथे गेलेल्या हम्बोल्ट या जर्मन संशोधकाने हे पाहून लिहून ठेवलं आहे. बाईने मात्र खाणीत उतरायचं नाही, अपशकुन होतो! वर आलेले दगड फोडून, निवडून चांदीचा वेगळा करायला मात्र बायकाच. आपण सुपात धान्य निवडतो तसं त्या दिवसभर दगड निवडत बसायच्या.

खाणीमुळे सगळा मुलूखच बदलला. भट्ट्यांसाठी डोंगर उघडे बोडके झाले. खाणकामगारांना धान्य आणि कातडं पुरवायला मोठमोठ्या जहागिऱ्या उभ्या राहिल्या. गावोगावचे मूळ रहिवासी सक्तीने कामाला धरून आणले गेले, आफ्रिकेतून गुलाम आले. पण माणसं गप्प बसली नाहीत. रेआल देल मोंते इथे कामगारांना मजुरीशिवाय दगडातला थोडा हिस्सा मिळायचा. मालकाने तो कापायला घेतला, तेव्हा १७६६ साली त्यांनी काम बंद पाडलं. अमेरिका खंडातल्या अगदी सुरुवातीच्या संपांत त्याची गणना होते.

थाळनेर-चोपड्याची वाट

ही चांदी नाण्यांच्या रूपाने जगभर फिरली. साधारण २७ ग्रॅम वजनाचं स्पॅनिश नाणं युरोपियन व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सुरतेला उतरायचं. मोगलाईत परकं नाणं चालत नसे. ते सराफाकडे किंवा टांकसाळीत जायचं, वितळायचं आणि त्याचा रुपया व्हायचा. सुरतेला टांकसाळ होती, तशी बऱ्हाणपूरलाही होती. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी तेव्हा ते खान्देशाचं मुख्य शहर होतं.

सुरत ते बऱ्हाणपूर हा हमरस्ता आपल्याच अंगणातून जायचा. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने या वाटेवरचे मुक्काम लिहून ठेवलेत. त्यात नवापूर आहे, नंदुरबार आहे, शिरपूर तालुक्यातलं थाळनेर आहे आणि चोपडाही आहे. या वाटेने सुरतेकडे काय जायचं? कापड. बऱ्हाणपूरचं तलम कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत नावाजलेलं होतं. आपल्या धरणगावचं कापडही असं, की १६७४ साली इंग्रजांनी तिथे वखार घातली.

आणि त्या कापडाचं सूत कोण कातायचं? घरोघरच्या बायका! म्हणजे तिकडे दगड निवडणारी एक बाई आणि इकडे चरख्यावर बसलेली दुसरी. दोघींच्या कष्टांची अदलाबदल भलतेच लोक करत होते. दोघींचीही नावं कुठल्या वहीत नाहीत.

रुपयाभार चांदीचा रुपया होईना

इंग्रजांच्या राज्यात रुपया बरोबर एक तोळ्याचा होता. म्हणून तर ‘रुपयाभार चांदी’ असं म्हणायची पद्धत पडली. सरकारी टांकसाळीत चांदी देऊन थोड्या खर्चात तिचे रुपये पाडून घेता येत. त्यामुळे पायातल्या तोरड्या म्हणजे जवळजवळ रोख रक्कमच होती.

१८७० नंतर चित्र पालटलं. जर्मनीसारख्या देशांनी चांदीची नाणी सोडून सोन्याचा आधार घेतला. त्याच वेळी अमेरिका आणि मेक्सिकोच्या खाणींतून चांदीचा नुसता लोंढा लागला. भाव कोसळला. शेवटी २६ जून १८९३ रोजी सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून द्यायचं बंद केलं. रुपयाची किंमत सावरली, पण दागिन्यांची पडली. १८९९च्या सुमारास रुपयाभार चांदी मोडायला नेली तर हातात जेमतेम दोन तृतीयांश रुपया पडायचा.

आणि नेमका त्याच वेळी दुष्काळ आला. १८९९-१९००चा, संवत १९५६ म्हणून ‘छप्पनचा दुष्काळ’. खान्देश त्यात होरपळून निघाला. ज्या दिवसासाठी बाईने आयुष्यभर चांदी जपली, त्याच दिवशी ती तोकडी पडली. खाण मेक्सिकोत, निर्णय लंडन-कलकत्त्यात आणि चूल विझली खान्देशात.

आज काय?

मेक्सिको आजही जगात सर्वाधिक चांदी काढणारा देश आहे. आता चांदी फक्त दागिन्यांत नाही, सौर पॅनेलमध्ये आणि मोबाइलमध्येही असते, त्यामुळे तिचा भाव आजही दूरदूरच्या घडामोडींवर खालीवर होतो. तो आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी नक्की आहेत.

चांदी घेताना हॉलमार्क मागा. ती जोडवी असली तरी संकोच करू नका. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. पक्कं बिल घ्या, शक्यतो स्वतःच्या नावाने. जुने दागिने मोडताना दोन दुकानी वजन आणि कस करून बघा. अडीअडचणीला चांदीच्या दागिन्यांवर कर्जही मिळू शकतं, रिझर्व्ह बँकेने २०२५ साली त्याचे नियम घालून दिले आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लग्नात तुम्हाला मिळालेले दागिने हे तुमचं स्त्रीधन आहे. सासरी कपाटात ठेवले म्हणून ते सासरचे होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे.

आपल्या जोडव्यातली चांदी कुठल्या खाणीतली, हे कुणालाच सांगता येणार नाही. चांदी वितळते, मिसळते, पुन्हा नवी होते. पण कुणाच्या तरी पाठीवरून ती वर आली आणि कुणीतरी कातलेल्या सुताच्या मोबदल्यात ती इथे पोहोचली, एवढं खरं. तेव्हा लेकीच्या, सुनेच्या पायात पैंजण घालाल, तेव्हा ‘सांभाळून ठेव हं’ एवढंच सांगू नका. ‘हे तुझं आहे,’ हेही सांगा.