पाताळपाणीचा घाट : सहल आणि वहिवाट

इंदूरकरांना पाताळपाणी–कालाकुंडची हेरिटेज गाडी ठाऊक आहे ती पावसाळी सहलीसाठी. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली ही गाडी धबधबा, बोगदे आणि चोरल नदीचे खोरे दाखवून प्रवाशांना परत आणते. परंतु हे रूळ सहलीसाठी घातलेले नव्हते. ती इंदूरची दक्षिणेकडे जाण्याची वाट होती.

१८७० साली मुंबई–जबलपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि खंडवा त्यावर आले. तेथून इंदूरपर्यंत फाटा काढण्यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. १८७४ मध्ये खंडवा–सनावद टप्पा सुरू झाला, १८७६ मध्ये नर्मदेवरील पूल खुला झाला आणि पुढे दोन वर्षांच्या आत गाडी इंदूरला पोहोचली. ‘होळकर स्टेट रेल्वे’ ती हीच.

रूळ मीटर गेजचे होते. रुंद मार्गापेक्षा त्यांना खर्च कमी येई आणि डोंगरात अधिक तीव्र वळणे घेता येत. तरीही माळव्याचे पठार आणि निमाड यांच्यामधला हा घाट अवघडच. येथे ४० मीटर पुढे गेले की मार्ग १ मीटर चढतो. म्हणून वर येणाऱ्या गाडीला जादा इंजिन लावावे लागे.

स्वातंत्र्यानंतर खंडव्याहून मेळघाटातून अकोला, वाशीम, हिंगोली, पूर्णा असा मीटर गेज मार्ग सलग झाला. जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्स्प्रेस याच वाटेने इंदूरवरून धावे. वऱ्हाड-मराठवाड्यात सोयरीक असलेल्या येथील मराठी कुटुंबांना वाटेत गाडी बदलावी लागत नसे.

पुढे मार्ग रुंद करण्याचे काम हाती आले. जानेवारी २०१७ मध्ये अकोला–खंडवा गाड्या थांबल्या आणि २०२३ मध्ये महू ते ओंकारेश्वर रोड वाहतूकही बंद झाली. मेळघाटातील वाघांसाठी नवा मार्ग अभयारण्याला वळसा घालून नेण्याचे ठरले. जुन्या घाटाचा चढ रुंद मार्गाला सोयीचा नसल्याने तेथेही कमी चढाची वेगळी आखणी करावी लागली. त्यामुळे जुना घाट प्रवासाच्या वाटेतून सुटला आणि सहलीपुरता उरला.

घाट जपला गेला, हे चांगलेच झाले. मात्र वारसा केवळ देखाव्यात नसतो. त्या वाटेने जी माणसे आणि जी नाती एकमेकांना बांधली गेली, तीही वारसाच. म्हणून कालाकुंडची सहल अवश्य करावी. त्याबरोबरच नवा मार्ग पूर्ण होताच इंदूर–अकोला थेट गाडी सुरू व्हावी, ही मागणीही आपण आतापासून लावून धरावी. होळकरांनी कर्ज दिले होते ते इंदूर इतर मुलखांशी जोडले जावे यासाठी.